पोतं आणि चमचा

दिवाळी जवळ आली की कारखान्याची सभासद-साखर सुटायची. आप्पा सकाळीच शेअरचं कार्ड आणि रुमालात बांधलेले पैसे घेऊन जायचे आणि दिवस कलताना कुणाच्या तरी ट्रॉलीतून ५० किलोचं पोतं दारात उतरायचं. हिरण्यकेशीच्या काठावर, संकेश्वरपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. ऊस आमच्या रानातला, घाम आमचा, त्यामुळे ती साखर विकत घेतली असं घरात कुणाला वाटायचंच नाही. आपलीच वस्तू पांढरी होऊन परत आली, असं वाटायचं. आई पोत्याला हळद-कुंकू लावायची.

पोतं माजघरात लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर सरकवून ठेवलेलं असायचं. पाटाभोवती हळदीची रेघ, मुंग्या येऊ नयेत म्हणून. तरी त्या यायच्याच, आणि आई रोज पहाटे ती रेघ नव्यानं ओढायची. साखर काढायला ॲल्युमिनियमचं एक मापटं होतं, कड चेपलेलं. मापट्यानं डब्यात आणि डब्यातून मुठीनं चहाच्या आधणात. घरात चमचे होते, पण ते पाव्हण्यांच्या पोह्यांबरोबर बाहेर यायचे. साखर चमच्यानं मोजणाऱ्या घराला आमच्याकडं हात आखडता असलेलं घर म्हणायचे, आणि अशा घरात मुलगी देताना लोक विचार करायचे.

मी बेळगावात शाळेत गणित शिकवते. मोजणं हा माझा रोजचा धंदा, तरी त्या पोत्याचा हिशेब मी वयाच्या चाळिशीपर्यंत कधी केला नव्हता. तो करायची वेळ आप्पांच्या पायानं आणली.

२०२२ च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या वरच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि मी संक्रांतीला गावी गेले होते. आप्पा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, ठेवायचा की रान मोडायचं, ते बघायला म्हणून सकाळी गेले. रानात शिरताना बांधावर चपला काढायची त्यांची जन्माची सवय. ऊस तोडल्यावर जमिनीलगत जे बुडखे राहतात ते कोयत्यानं तिरके छाटलेले असतात, त्यांची धार विळ्यासारखी असते. तासाभरानं आप्पा आले, पाय धुवायच्या आधी पाणी प्यायला म्हणून सोप्यातून आत गेले, आणि मागून आई ओरडली, “कुंकू कुणी सांडलं गं?”

शहाबादी फरशीवर उजव्या पावलाचे ठसे उमटले होते. दारापासून माठापर्यंत सहा. पहिले तीन पुसट, पुढचे भरलेले. करंगळीच्या खाली बुडख्याचं टोक घुसून आत मोडलं होतं, बोटभर चीर पडली होती. आणि आप्पा माठापाशी उभे राहून शांतपणे पाणी पीत होते.

“आप्पा, दुखत नाही?”

त्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. “न्हाई की,” ते म्हणाले, “मुंगी चावल्यागत पन झालं न्हाई.”

ते वाक्य ऐकून आम्हाला बरंच वाटलं, हे आज आठवलं की काळजात चर्र होतं. शेतकरी माणूस, कातडी राठ झालेली, असं आम्ही समजलो. हळद भरली, फडकं बांधलं. बारा दिवसांनी बोट काळं पडलं आणि वास येऊ लागला तेव्हा बेळगावला आणलं. रिकाम्या पोटी रक्तातली साखर २८६. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ११ च्या वर. करंगळी काढावी लागली. जखम भरायला चार महिने गेले.

त्या दवाखान्यातले डॉक्टर कानडी वळणाचं मराठी बोलायचे आणि घाई करायचे नाहीत. त्यांनी आप्पांना विचारलं, “आजोबा, तुमच्या सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून साखर किती असायला पाहिजे, सांगा बघू.”

आप्पांनी ओंजळ दाखवली.

डॉक्टर म्हणाले, “एक चमचा.”

मी घरी येऊन कागदावर करून पाहिलं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. म्हणजे ५० डेसीलिटर. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर डेसीलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत. ५० गुणिले १००, ५,००० मिलिग्रॅम, ५ ग्रॅम. खरंच, चहाचा एक सपाट चमचा. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत वाहणाऱ्या साऱ्या रक्तात, एका वेळी, एवढीच. मग आप्पांचे २८६ धरून केलं. १४ ग्रॅम. तीन चमचे भरायला थोडे कमीच. आयुष्यभर मुठीनं साखर घेणाऱ्या माणसाचं बोट दोन चमच्यांच्या फरकानं गेलं, हे गणित मी दोनदा तपासलं.

मग पोत्याचं गणित केलं. दिवाळीला आलेलं पोतं आषाढात संपायचं. आठ महिने, २४० दिवस, ५० किलो, घरात पाच माणसं. माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर, आठ चमचे. यात येणारेजाणारे होते हे खरं. पण यात पोळीबरोबरचा गूळ नव्हता, बाजारातून येणारी बिस्किटं नव्हती, कारणपरत्वे येणारे पेढे नव्हते, आणि गड्यांबरोबर बांधावर बसून आप्पा घ्यायचे तो तिसरा-चौथा चहाही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ मध्ये हाच २० ते २५ ग्रॅमचा आकडा दिला. आमच्या भागात टनाला दहा-अकरा टक्के उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, धरतात. त्या हिशेबानं आमच्या पाच माणसांनी आठ महिन्यांत अर्धा टन ऊस खाल्ला होता, दात न लावता.

तो एक चमचा तसाच ठेवायला शरीर किती धडपडतं, हे कळल्यावर मला त्याचं फार अप्रूप वाटू लागलं. आपण साखर खाल्ली की लहान आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात चढलं की पोटाच्या मागं आडवं पडलेलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते इन्सुलिन पेशींची दारं उघडतं आणि ग्लुकोज आत घेतलं जातं. लगेच लागत नाही ते यकृतात आणि स्नायूंत साठवलं जातं. यकृतातली जागा शंभरेक ग्रॅमची, स्नायूंतली त्याच्या चौपट. ती कोठारं भरली की उरलेल्याची चरबी होते, कारण तिला मात्र जागेची मर्यादा नाही. राबणाऱ्या माणसाची कोठारं संध्याकाळपर्यंत रिकामी होतात. आप्पांच्या तरुणपणी मोट होती, मग इंजिन आलं, मग घरातून बटण दाबलं की सुरू होणारी मोटार आली. कोठारं रिकामी होईनात, चहातली मूठ मात्र तीच राहिली. पेशी वर्षानुवर्षं दार उघडून कंटाळतात, इन्सुलिनला जुमानत नाहीत. स्वादुपिंड आणखी जोर लावतं, आणि शेवटी थकतं. हे सगळं होताना काही दुखत नाही. हाच या आजाराचा घातकीपणा.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आमच्या गावात दोन्ही टोकांचं बोललं जातं. कुणी म्हणतं साखर खाल्ली म्हणूनच शुगर झाली, कुणी म्हणतं साखरेचा आणि शुगरचा काही संबंध नाही. आप्पांच्या आईलाही हा आजार होता. आनुवंशिकता आहे, पोटाची चरबी आहे, बसून राहणं आहे, तीन वेळचा भात आहे. साखर या सगळ्यांत भर घालते, आणि ज्याच्या घराण्यात आजार आहे त्याच्या बाबतीत ती भर लवकर लागू पडते. एकट्या चहाला फासावर द्यायचं कारण नाही. पण त्याला निर्दोषही सोडता येत नाही.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीतून जायला लागते. आपल्या वैद्यांनी या आजाराला मधुमेह म्हटलं ते यावरूनच. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मूत्राकडं येणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख आहे. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई एकदम गप्प झाली. परत येताना बसमध्ये म्हणाली, “गोठ्यामागं, ते रात्री उठून जातात तिथं, दोन वर्सं मुंग्यांची रांग बघतोय मी. म्हटलं वारूळ असल.”

पोत्यापाशी आलेली एक मुंगी तिच्या नजरेतून सुटत नव्हती. तिचा दोष नाही. हे वाचायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

पाय का बधिरला, हेही मी विचारून घेतलं. रक्तात साखर सतत जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तर फारच बारीक. अंगातले सगळ्यांत लांब मज्जातंतू पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेले, म्हणून पहिला फटका बोटांना. आधी मुंग्या येतात, रात्री पायांची आग होते, मग हळूहळू काहीच वाटेनासं होतं. लोकांना वाटतं, चला, आग थांबली. जखम झाली तर कळत नाही, रक्त कमी पोचतं म्हणून भरत नाही, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखरेत सुस्तावलेल्या. डोळ्यांच्या पडद्यावरच्या आणि मूत्रपिंडांतल्या वाहिन्याही तशाच बारीक. म्हणून पायाच्या जखमेसाठी आलेल्या माणसाला डॉक्टर डोळे तपासून घ्या म्हणाले, ते आम्हाला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

एचबीए१सी ही चाचणी मात्र मला चुलीपाशी कळली. बेळगावात मी पहिल्यांदा राहायला आले तेव्हा शहापुरात ज्या घरी भाड्यानं होते, तिथल्या काकू घरी कुंदा करायच्या. दूध आटवत आणायचं, मध्येच थोडं दही घालून ते रवाळ करायचं, साखर घालायची आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. आधी पांढरं असतं, मग सायीच्या रंगाचं, मग बदामी, आणि तासा-दीड तासानं तो खमंग तपकिरी रंग. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं उलथनं आहे, कढईच्या तळावर चर्र-चर्र घासत गोल फिरणारं, आणि कपाळावरचा घाम पदरानं टिपत त्यांचं ते “अजून न्हाई, अजून रंग यायचाय” म्हणणं. हा रंग नुसता साखर करपल्याचा नसतो. उष्णतेनं साखर आणि दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि त्यातून तो रंग, तो वास तयार होतो. लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली या क्रियेबद्दल पहिल्यांदा लिहिलं.

हीच जातकुळीची क्रिया आपल्या रक्तात, चुलीशिवाय, अंगाच्या उबेवर अगदी सावकाश चालू असते. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन हे प्रथिन, त्याला साखर चिकटत राहते. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली ते पाहिलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. ५.७ च्या खाली ठीक, तिथून ६.४ पर्यंत धोक्याचा उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. चाचणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून काही उपयोग होत नाही, रंग आधीच चढलेला असतो. हिमोग्लोबिन तरी दर चार महिन्यांनी नवं येतं. डोळ्यातल्या भिंगाची, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतली प्रथिनं वर्षानुवर्षं तीच असतात. त्यांच्यावर चढलेला रंग उतरवता येत नाही.

आप्पांच्या निमित्तानं आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. माझं काठावर निघालं, ५.८. दादाची साखर ठीक होती, पण सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आमचा दादा माळकरी. पंढरीची वारी चुकवत नाही, कांदा-लसूणही एकादशीला वर्ज्य. तपासणाऱ्यानं सहज विचारलं, “घेता काय?” दादाचा चेहरा असा उतरला की मला ते बघवलं नाही. दारूनं होतं ते दारू न पिणाऱ्याला कसं, हा प्रश्न त्यानं मला परतीच्या वाटेवर तीनदा विचारला.

उत्तर त्या दुसऱ्या तुकड्यात आहे, फ्रुक्टोजमध्ये. ग्लुकोज अंगातली प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. थोडं असेल तर ते निभावतं. एकदम आणि रोज आलं तर यकृत त्याची चरबी करायला लागतं, थोडी रक्तात सोडतं, थोडी आपल्याच अंगात साठवतं. दादा उन्हाळ्यात ट्रॅक्टरवरून उतरला की रसाचा मोठा ग्लास घ्यायचा, एका ग्लासात सहज २५-३० ग्रॅम साखर. रस नसला तर थंड बाटली, तीनशे मिलिलिटरमागं तीस ग्रॅमच्या आसपास. तहान लागली की घेतलेलं हे पेय त्याच्या लेखी खाणं नव्हतंच. आणि दादा काही लठ्ठ नाही. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ही ठेवण वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र ब्रिटिश डॉक्टरांची ९ टक्के, याज्ञिकांची २१. आपण बारीक दिसतो म्हणून सुटलो, असं समजणाऱ्या माझ्या सगळ्या नातेवाइकांना मी हे सांगत असते.

दादाचं चांगलं झालं, तेही सांगते. त्यानं बाटल्या बंद केल्या, रस बंद केला, रोज पहाटे रानापर्यंत चालत जाऊ लागला. ७८ किलोचा ७१ वर आला आणि पुढच्या वर्षीच्या सोनोग्राफीत यकृत स्वच्छ होतं. यकृत वेळेवर ऐकलं तर क्षमा करतं.

गुळाबद्दल मात्र घरात भांडण झालं. आप्पांची साखर बंद झाली तसा काकांनी गुऱ्हाळावरून ढेप आणून दिली, “गुळाला काय होत नसतंय, नैसर्गिक हाय की.” आमच्याकडचं गुऱ्हाळ ज्यानं पाहिलंय त्याला गुळाविषयी वाईट बोलणं जड जातं. चुलवाणात चिपाडं धडधडतात, काहिलीत रस उसळत असतो, गुळव्या भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी झाऱ्यानं काढत असतो, आणि पाक कुठल्या क्षणी उतरवायचा ते तो नुसत्या बुडबुड्याच्या आकारावरून ओळखतो. वाफ्यात ओतलेला तो सोनेरी गोळा निवताना जो वास सुटतो, त्यात माझं सगळं बालपण आहे. त्या कौशल्यापुढं मी आजही हात जोडते. पण गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, आणि त्यातला बहुतेक भाग साखरच. थोडं लोह, थोडे क्षार जास्त असतात. ते अंगाला लागण्याइतके मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल, तेवढ्यानं साखरेचं दिवाळं निघेल. स्वादुपिंडाला ढेप आणि पोतं यांत फरक कळत नाही. काका माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

उसाचं कांडं दातानं सोलून चावायला मुलाला पाव तास लागतो. जबडा दुखतो, चोथा थुंकावा लागतो, एका कांड्यावर मन भरतं. तेवढ्याच रसाचा ग्लास अर्ध्या मिनिटात जातो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं म्हणणाऱ्या लोकांनी ऊस दातानं खाल्लेला होता, हे मला अलीकडं जाणवतं.

साखर कमी करणं शरीराला जड गेलं नाही. पंधरा दिवसांत कमी साखरेचा चहा जिभेला लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय. जड गेलं ते माणसांत. आमच्या सीमाभागात भाषेवरून कितीही ताणलं तरी दोन्हीकडचं आतिथ्य एकच आहे. मांडे घ्या. उलट्या कढईवर धोतरासारखा पातळ पसरलेला तो मांडा, आत तूप-पिठीसाखर, घडी घालून परातीत रचलेला. मुलीच्या लग्नात तो गेला नाही तर बेळगावच्या घराला चुकल्यासारखं होतं. गोकाकहून कुणी आलं की करदंट, बेळगावहून कुणी निघालं की कुंदा. संक्रांतीला शेजारच्या अक्का एळ्ळु-बेल्ला देतात, आम्ही तिळगूळ देतो, दोघींच्या वाटीत तोच तीळ आणि तोच गूळ. लहानपणी मी पहिला कानडी शब्द शिकले तो “साकु”, पुरे. पण पंक्तीत साकु म्हटलं की वाढणारी आणखी एक वाढते, मराठी असो वा कानडी. पुरे म्हणणं हा आमच्याकडं आग्रहाचा पहिला भाग असतो.

बोट गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला अक्का वाटी घेऊन आल्या. “स्वल्प तगोरी, अण्णा,” थोडंसं घ्या. आप्पांचा हात पुढं आला आणि मधेच थांबला. अक्कांना काय झालं ते माहीत होतं, तरी सणाचा हात रिकामा कसा न्यायचा. आई पुढं झाली, वाटीतला एक तीळ, खरोखर एकच तीळ बोटावर टिपून तिनं आप्पांच्या जिभेवर ठेवला आणि वाटी परत अक्कांच्या हातात दिली. अक्कांनी आईचा हात धरला. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. पुढच्या वर्षी अक्का भाजलेले शेंगदाणे आणि हरभरे घेऊन आल्या, वर चार तीळ.

शाळेत मला जास्त काळजी वाटते. २०२३ मध्ये आयसीएमआरचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि त्यांहून जास्त, १३ कोटी ६० लाख, उंबरठ्यावरचे, असा अंदाज आहे. ते उंबरठ्यावरचे कोण, असं वाटलं की मला मधल्या सुट्टीतले डबे दिसतात. वाढदिवसाची चॉकलेटं, डब्यात बिस्किटाचा पुडा, हातात रंगीत पाण्याची पिशवी. पुड्याच्या मागं बारीक अक्षरांत शंभर ग्रॅममागं किती साखर ते छापलेलं असतं, बऱ्याच बिस्किटांत ते पंचविसाच्या आसपास भरतं, म्हणजे पुड्याचा चौथा हिस्सा. शेकडेवारीच्या धड्याला मी आता हेच पुडे वापरते. मुलं घरी जाऊन आईला विचारतात, असं पालकसभेत कळतं. दात तर बोलूनच दाखवतात. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते दाताचं कवच विरघळवतं, आणि चिकटून राहणारं गोड सगळ्यांत वाईट. तिसरीतल्या मुलांच्या काळ्या दाढा मला फळ्यापाशी उभी असतानाही दिसतात.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका सहकारी बाईंनी रानातून बेडकीचा पाला आणून दिला, गुडमार म्हणतात तो. त्यातल्या द्रव्यानं जिभेवरचे गोड ओळखणारे कण काही वेळ झाकले जातात. औषध म्हणून नव्हे, डॉक्टरांना न विचारता तसं करूही नये, आधीच गोळ्या चालू असतात. फक्त गंमत बघू म्हणून आईनं दोन पानं चावली, चूळ भरली आणि साखरेची चिमूट तोंडात टाकली. ती थांबली. जीभ फिरवली. पुन्हा एक चिमूट घेतली.

“निस्ती वाळू हाय की गं ही.”

मग ती पोत्याकडं बघत बसली. जवळजवळ अर्ध्या तासानं पुन्हा चिमूट टाकून म्हणाली, आली परत.

साखरेला मी शत्रू मानत नाही, आणि त्याचं कारणही आप्पाच. गेल्या चैत्रात गोळी घेऊन ते जेवायचं विसरले. दुपारी मला वैनीचा फोन, आप्पा घामानं भिजलेत, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत. यंत्रावर साखर ५४. मी फोनवरूनच म्हटलं, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, शुद्धीत आहेत तोवर, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. वैनी नंतर सांगत होती, घाईत मापटं हातात आलं होतं, ते तिनं ठेवलं आणि चमचा शोधला. एक, दोन, तीन. पंधरा मिनिटांनी ९१. आप्पांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, “मोटार बंद केली काय?”

आता पोतं येत नाही. दादा सभासद-साखर उचलतो आणि निम्म्याहून जास्त गड्यांच्या घरी लग्नकार्याला वाटतो. घरात बरणी आहे आणि बरणीत एक चमचा.

रोज रात्री जेवणं झाली की आप्पा सोप्यात खाटेवर पाय सोडून बसतात. पाय कोमट पाण्यानं धुतलेले, बेचक्यांतून कोरडे पुसलेले. दादाची धाकटी, दुसरीत आहे, ती केस विंचरायचा छोटा आरसा घेऊन खाली बसते आणि आजोबांच्या तळव्याखाली धरते. दुसऱ्या हातात बॅटरी. कुठं चीर, फोड, लाली दिसते का ते ती आरशात बघते आणि मोठ्यानं सांगते. मग बोटं मोजते. एक, दोन, तीन. शेवटच्या रिकाम्या जागेशी आली की तिथल्या गुळगुळीत व्रणावर बोट ठेवते, कारण तिथंही बघायचं असतं.

“नऊ,” ती म्हणते.

“परत मोज की,” आप्पा म्हणतात, आणि ती बॅटरी जवळ नेऊन पुन्हा अंगठ्यापासून सुरू करते.